वाचायचं बोट

४ एप्रिल

सातवीच्या ब्रेल भूगोलाचे ठिपके बसलेत. पहिलं पान, दुसरं पान – सगळीकडे तेच. बोट फिरवलं की कागद लागतो, अक्षर लागत नाही.

अक्षताला म्हटलं, थांब गं जरा. ती समोर डोळसांचं छापील पुस्तक धरून बसते. मी ब्रेलवरून मोठ्याने वाचते, ती ओळीला ओळ जुळवत जाते. चुकलं की टेबलावर पेन्सिल आपटते. आज पेन्सिल वाजली नाही, कारण मी वाचलंच नाही.

दत्तारामना बोलावलं. छपाईचं यंत्र तेच चालवतात. म्हणाले, कागद दमट असेल. म्हटलं, कागदाखालचं रबर बघा. रबर झिजलं की ठिपका वर उठत नाही, हे त्यांना मी सांगायला नको. बघतो म्हणाले.

इरावती मॅडम केबिनमधून आल्या. पान उजेडाकडे धरलं असणार – कागद वाजला. म्हणाल्या, "दिसतायत तर छान."

दिसतायत!

पण गठ्ठा बाजूला ठेवायला लावला. माझ्या बोटाने हो म्हटल्याशिवाय पुस्तक शाळांत जायचं नाही, हा नियम त्यांनीच केलाय. बाई तशा बऱ्या आहेत.

११ एप्रिल

भूगोल पुन्हा छापणार. दत्ताराम रबराबद्दल काही बोलले नाहीत. पुन्हा छापून देतो, विषय संपवा, एवढंच. जुना गठ्ठा जिन्याखालच्या कपाटात गेला. इतका कागद वाया, म्हणताना मॅडमचा आवाज बारीक झाला होता.

येताना रिक्षा मिळाली नाही, बसने आले. घाटकोपर ते मुलुंड उभी. वरच्या दांडीला धरलेला हात भांडुप येईपर्यंत झोपला. खाली घेऊन झटकला तेव्हा जागा झाला.

१९ एप्रिल

सकाळी दोन्ही हात झटकून उठले. रोजचंच झालंय.

२८ एप्रिल

दुसरी छपाई आली. तीही बसलेली.

पान टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, दत्ताराम, हेही तसंच आहे. यंत्राची घरघर बंद झाली. ते जवळ आले. रागावले की ते मालवणीत जातात. म्हणाले, "ताई, आता दगडार कोरून देवू काय?"

शिपायापासून हिशेबनीसापर्यंत सगळे हसले. मी हसले नाही. म्हटलं, तुमचं कामात लक्ष राहिलेलं नाही. सगळ्यांच्या समोर म्हटलं. त्यानंतर कोणी हसलं नाही.

त्यांना निवृत्तीला दोन वर्षं आहेत. मला चार. इतकी वर्षं एका खोलीत काम केलं, असं कधी बोलले नव्हते.

अक्षता मध्ये पडली नाही. ती एरवी प्रत्येक गोष्टीत पडते.

३ मे

जिरं समजून ओवा टाकला आमटीत. वासाने कळलं, पण टाकून झाल्यावर. आधी चिमटीत घेताच कळायचं.

श्यामकांत म्हणाला, छान लागतेय, पोटाला बरी. दोनदा वाढून घेतली. मग माझ्या हातातून वाटी निसटली तेव्हा मात्र म्हणाला, "कुंदा, आता तू घरी बस. माझ्यासारखी." विमा कंपनीतून निवृत्त झाल्यापासून या नवऱ्याला प्रत्येक आजारावर हाच उपाय सुचतो.

आजार म्हटलं का मी? तसं काही नाही. हात अवघडतात. वय झालं.

९ मे

काही नाही. दिवसभर वाचलं. डोकं दुखलं – बोटाने वाचणाऱ्या बाईचं डोकं कशाने दुखावं?

१४ मे

हे लिहायलाच हवं.

भूगोलाचं शेवटचं प्रकरण वाचत होते. बसलेल्या ठिपक्यांवरून रेटत वाचायची सवय झालीय, जोरात दाबते. कोकणाची पिकं आली. वाचलं – नारळ, सुपारी आणि आंब्याच्या बागा. पुढे गेले. पेन्सिल वाजली नाही. आणखी दोन ओळी वाचल्या. तरी नाही. म्हटलं, झोपलीस का?

अक्षता म्हणाली, "ताई, तुम्ही वाचताय ते या पानावर नाहीच आहे."

मग म्हणाली, पान तलावांचं आहे. कोकण मागच्या पानावर संपलं. तिचा आवाज अगदी हळू होता. ही मुलगी रिक्षावाल्यांशी भांडते तेव्हा सिग्नलपर्यंत ऐकू जातं.

म्हटलं, कधीपासून? तर म्हणाली, मार्चपासून अधूनमधून. गोष्टींच्या पुस्तकात तुम्ही अंदाजाने बरोबरच म्हणायचात, म्हणून मी बोलले नाही. म्हणजे ती जुळवत होती ते माझा अंदाज आणि पुस्तक.

मी खोटं वाचत नव्हते. हे कसं सांगू? बोटाखाली थोडं लागायचं, बाकीचं आपोआप भरलं जायचं. मला वाटायचं, वाचतेय.

पान पिशवीत घालून घरी आणलंय. दुसऱ्या छपाईचं आहे.

१५ मे

सकाळी चहाच्या आधी पान घेऊन बसले. डावी तर्जनी – कागद. मधलं बोट – कागद. अंगठ्याने कोणी वाचत नाही, तरी फिरवला. गोणपाटावर फिरवल्यासारखं.

मग करंगळी टेकली. सहज, काही ठरवून नाही.

टोचलं.

एकेक ठिपका उभा. दाण्यासारखा कडक. करंगळीला वाचायची सवय नाही, ती पहिलीतल्या पोरासारखी अडखळत गेली. पण अडखळत वाचली. 'भातसा', 'तानसा', 'वैतरणा'. तलावच होते.

पानात काही बिघाड नाही. यंत्रात नाही. दत्तारामांमध्ये नाही.

उजव्या हाताचीही तीच तऱ्हा. करंगळी जागी, बाकीची बोटं मेलेली.

श्यामकांत विचारत होता, चहा गार होतोय, काय झालं? काही नाही म्हटलं. खरंच काही वाटत नव्हतं. अकराव्या वर्षी दिसायचं पूर्ण थांबलं, तेव्हा आई रडत होती आणि मी अशीच बसले होते. त्यानंतर जगात जे काही वाचलं ते या एका डाव्या तर्जनीने. बोट गेलं तर माणसं वाचून दाखवतील. त्यांना वेळ असेल तेव्हा. त्यांना जे वाचायचं असेल ते.

१७ मे

घाटकोपरला हाताच्या डॉक्टरांकडे. अक्षताने नंबर लावला, श्यामकांत बरोबर आला.

डॉक्टरांनी विचारलं, कुठली बोटं? अंगठा, तर्जनी, मधलं आणि अनामिकेची आतली बाजू, असं सांगितलं. करंगळी? ती ठीक आहे. मग पेनाची खरखर. लिहीत असावेत.

नमस्काराच्या उलटे हात जोडायला लावले – पंजे पाठीला पाठ लावून, बोटं जमिनीकडे. तसंच धरा म्हणाले. एक मिनिटसुद्धा झालं नसेल, मुंग्यांचं वारूळ फुटलं हातात. मनगटावर टिचकी मारली तर करंट बोटाच्या टोकापर्यंत गेला. मग दोन टोकांचं काहीतरी बोटाला टेकवत गेले, किती लागतात ते सांगा. प्रत्येक वेळी एकच लागलं. प्रत्येक वेळी दोन होती. करंगळीला मात्र बरोबर दोन लागली.

ब्रेलचे दोन ठिपके त्याहून जवळ असतात. हे मी त्यांना सांगितलं. खुर्ची करकरली.

मनगटात एक बोगदा असतो म्हणाले, हाडांचा आणि वरून एका जाड पट्ट्याचा. त्यातून बोटं वळवणाऱ्या दोऱ्या जातात आणि एक नस. आत सूज आली की नस चेपते. कार्पल टनेल. करंगळीची नस दुसऱ्या वाटेने जाते, म्हणून ती वाचली.

विचारलं, किती दिवस हात झटकून उठताय? वर्ष झालं असेल. मग आलात का नाही? म्हटलं, मला वाटलं ठिपके बसलेत.

श्यामकांत हसला. डॉक्टर हसले नाहीत.

साखर आणि थायरॉइड तपासायला रक्त दिलं. झोपताना मनगट सरळ राहावं म्हणून दोन्ही हातांना पट्टे. नसांची तपासणी पुढच्या शनिवारी.

१९ मे

माफी मागितली. सगळ्यांसमोर बोलले होते म्हणून सगळ्यांसमोर.

म्हटलं, दत्ताराम, दोष तुमच्या छपाईचा नव्हता, माझ्या बोटांचा होता. डॉक्टरांनी सांगितलं ते सगळं सांगितलं. बोगदा, नस, करंगळी. हिशेबनीस लगेच उलटे हात जोडून बघायला लागले आणि म्हणाले मलाही होतंय. त्यांना सगळंच होतं.

 मला वाटलं होतं दत्ताराम टोमणा मारतील, मला तो हवाही होता.  त्यांनी माझ्यासाठी चहा आणला. स्वतः. कप हातात देताना माझी बोटं कानाभोवती नीट बसेपर्यंत सोडला नाही. मोठ्या मनाचा माणूस.

इरावती मॅडम म्हणाल्या, मग कपाटातला पहिल्या छपाईचा गठ्ठा चांगलाच आहे की. दोन्ही छपाया पाठवून देऊ, जास्त शाळांना मिळेल. विचारलं, कुंदाताई, तुमची हरकत नाही ना? मी कुठल्या तोंडाने हरकत घेणार. हो म्हटलं. मॅडमनी माझं बोट कागदावर टेकवून जागा दाखवली, तिथे सही केली.

मन हलकं व्हायला हवं होतं. झालं नाही. जडही नव्हतं.

२४ मे

नसांची तपासणी. हाताला तारा चिकटवून झटके देतात. तिथली मुलगी सारखी सॉरी सॉरी म्हणत होती. तिला सांगितलं, जोरात दे गं, काहीतरी लागू दे.

साखर ठीक, थायरॉइड ठीक. नसा ठीक नाहीत. दोन्हीकडे पुढचा टप्पा. उजवीकडे जास्त – उजव्या अंगठ्याखालचा गोळा बसत चाललाय, ब्रेल टोचायचा स्टायलस धरून धरून. तो मला आधीच चाचपता यायला हवा होता. कुठल्या बोटाने चाचपणार?

पट्टे आणि इंजेक्शनवर भागायची वेळ गेली म्हणाले. ऑपरेशन.

२ जून

डॉक्टरांशी वाद. वाद कसला – मी सांगितलं, त्यांनी ऐकायला वेळ घेतला.

ते म्हणाले, आधी उजवा. रिपोर्ट उजव्याचा वाईट आहे, अंगठ्याची ताकद चाललीय, थांबलो तर परत येणार नाही. आणि कामाचा हात तोच ना?

कामाचा हात डावा, म्हटलं.

पण सही तुम्ही उजव्याने केलीत आत्ता.

लिहिते उजव्याने. वाचते डाव्याने. लिहायचा पगार मला कोणी देत नाही.

मग त्यांना समजलं. म्हणाले, इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कोणी टाकला नाही. दोन्ही एकदम करता येत नाही का, विचारलं. येतं, पण मग काही आठवडे तुम्हाला एकही हात नाही. श्यामकांत म्हणाला, मी आहे ना. मी म्हटलं, नाही. डोळे नाहीत आणि हातही नाहीत, असं मी एक दिवससुद्धा राहणार नाही.

खरं काय ते सांगा, म्हटलं. म्हणाले, दाब काढू. मुंग्या जातील, झोप लागेल. पण नस किती जागी होईल, सांगता येत नाही. बटण लावण्याइतकी होईल बहुतेक. ब्रेल वाचण्याइतकी होईल का, ते शपथेवर सांगणार नाही.

डावा आधी. ठरलं. उजव्या अंगठ्याचं काय व्हायचं ते होवो.

५ जून

मॅडमनी विचारलं, नाहीच जमलं तर बोलक्या पुस्तकांच्या रेकॉर्डिंगला याल का? तुमचा आवाज चांगला आहे. पण तिथे कोणीतरी कानात वाचून दाखवणार आणि मी मागून म्हणणार. पोपट. विचार करते म्हटलं.

भूगोल रवाना झाला शाळांना. टेंपो गेला तेव्हा अक्षताने सांगितलं.

१३ जून

काल झालं. फक्त हात बधिर केला होता – आधीच बधिर होता, हे भूलतज्ज्ञांना सांगितलं, त्यांना विनोद समजला नाही. मी जागी. कापडापलीकडे डॉक्टर कुणालातरी बोरिवलीतल्या फ्लॅटबद्दल सांगत होते. मध्येच म्हणाले, पट्टा कापला, नस मोकळी. आणि पुन्हा फ्लॅट.

बोटं वळवत राहा, हात वर ठेवा, जखम ओली करू नका.

हे लिहिताना ब्रेलची पाटी श्यामकांतने धरली आहे. उजव्या हाताने टोचतेय, स्टायलस दोनदा सुटला. मी काय लिहिते ते त्याला कळत नाही. विचारतो, माझ्याबद्दल आहे का? आहे, म्हटलं. चांगलं का वाईट? पाटी हलवू नकोस, म्हटलं.

१४ जून

हात न झटकता उठले.

२६ जून

टाके काढले. जखम ठीक. बोटं तशीच. डॉक्टर म्हणाले नस रोज एक मिलीमीटर चालते फार तर, धीर धरा. मनगट ते बोटाचं टोक – हिशेब करायला गेले आणि सोडून दिला.

श्यामकांत पेपर वाचून दाखवतो. मथळे वाचतो, बातमीचं सार सांगतो, मग आपलं मत सांगतो. म्हटलं, मला बातमी वाच. म्हणाला, त्यात विशेष काही नाही. विशेष नाही ते मला ठरवू दे! फार ओरडले.  मग त्याने शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. खरंच विशेष नव्हतं.

८ जुलै

बर्फाचा तुकडा आणि गरम वाटी, आलटून पालटून. डाळ, तांदूळ, राई एकत्र करून निवडायची, असा व्यायाम दिलाय. डाळ-तांदूळ जमतं. राई नाही.

१५ जुलै

नाही.

२२ जुलै

अक्षता येऊन गेली. मॅडमनी तिला बदलापूरच्या एका मुलीबरोबर बसवलंय तात्पुरतं. मुलगी फार भरभर वाचते म्हणाली, मग घाईने म्हणाली, पण चुका करते. मी विचारलं नव्हतं.

दत्तारामनी ओले काजू पाठवलेत, गावाहून आणून फ्रीजरमध्ये ठेवलेले. मी त्या माणसाला काय काय बोलले. फोन करून धन्यवाद दिले. ते हां हां म्हणाले आणि ठेवला.

३० जुलै

मधल्या बोटाला राई लागली. तर्जनीला लागल्यासारखी वाटली – वाटली आणि लागली यात फरक करायला आता घाबरते. एकदा फसलेय.

म्हणून पुस्तक घेतलं नाही. श्यामकांतला पाटीवर कसेही ठिपके टोचायला लावले, त्याला ब्रेल येत नाही, म्हणजे अंदाज करायला काही अर्थच नाही. मग मोजले. वरच्या ओळीत माझं उत्तर चुकलं. खालच्या ओळीत बरोबर. तो म्हणाला, परत करू. संध्याकाळपर्यंत तो टोचत होता आणि मी मोजत होते. जेवण बाहेरून मागवलं.

९ ऑगस्ट

डॉक्टरांनी दोन टोकं लावली. दोन लागली. पूर्ण नाही म्हणाले, पण दोन. उजव्या हाताची तारीख सप्टेंबरची. अंगठ्याखालचा गोळा अजून बसलाय, ते डॉक्टर बोलले नाहीत, मी चाचपलं. आता चाचपता येतं.

बाहेर आल्यावर श्यामकांतने विचारलं, आनंद झाला का? म्हटलं, सांगते. अजून आलेला नाही, पण वाटेत असेल.

अठरा तारखेपासून कामावर जाणार. दिवसाला थोडी पानं. अंदाज आला की थांबायचं – हा माझा नियम, मॅडमचा नाही.

१८ ऑगस्ट

कामावर पहिला दिवस. सुरुवात सोप्याने करावी म्हणून ओळखीचा भूगोल मागितला. जिन्याखालच्या कपाटात पहिल्या छपाईची एक प्रत राहिली होती. तर्जनीला कागद लागला. वाटलं, बोट अजून कच्चं आहे. मधल्या बोटाला कागद. करंगळीलाही कागदच.

ही छपाई मी करंगळीने कधी बघितलीच नव्हती. त्या दिवशी घरी नेलेलं पान दुसऱ्या छपाईचं होतं.

पुस्तक दत्तारामच्या हातात दिलं.  त्यांनी यंत्र बंद केलं. म्हणाले, "ताई, रबर मी पहिल्या छपाईनंतर बदललं."

बाकीचा सगळा गठ्ठा जूनपासून शाळांत आहे. मुलं त्यावर बोटं फिरवत असतील, आणि त्यांना सांगितलं जात असेल की पुस्तक चांगलं आहे. ते माझ्या माफीवर गेलं.